भाव न करता घेतलेली चुंदडी

अमदावादेत काय कुठे घ्यावं हे बिपिनला विचारायचं, असा आमच्या सगळ्या नात्यागोत्यात नियमच होता. लग्न ठरलं की मला फोन. भांडी माणेकचौकात घ्या, पण तोंडावरच्या झगमगीत दुकानात जाऊ नका, मागच्या गल्लीत जा. ड्रेसचं कापड ढालगरवाडात, तेही अकराच्या आत. साडी रतनपोळीत. आणि दुकानदाराने पहिला सांगितलेला भाव देऊन आलात, तर मी तुमचा नातेवाईक आहे हे कुणाला सांगू नका.

ही सगळी अक्कल मोटीबेनची, माझी नव्हे. मोटीबेन म्हणजे माझी थोरली बहीण तरुलता. आमची बा गेली तेव्हा ती चौदाची होती, मी दहाचा. बापुजी होते, म्हणजे बा सवाष्ण गेली, आणि सवाष्णीला शेवटची लाल चुंदडी माहेरची लागते. मामा धोळक्याहून आले होते, त्यांना बाजार माहीत नव्हता, म्हणून आम्हा दोघांना घेऊन रतनपोळीत गेले. दुकानदाराने आकडा सांगितला आणि मामांनी मुकाट्याने पैसे काढून दिले. मोटीबेन रडता रडता थांबली.

"मामा, भाव नाही केलात?"

"याच्यात भाव करत नाहीत, दीकरी."

दुकानदारही निघताना "आवजो", म्हणजे पुन्हा या, असं म्हणाला नाही. एरवी तो रस्त्यावरच्या गाईलासुद्धा म्हणाला असता. या बाजारात बिनघासाघिशीची वस्तू एकच, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. पुढे मोटीबेनने घर चालवलं, आणि मी तिच्या पदराला धरून बाजार शिकलो. ती लग्न होऊन नडियादला गेली तरी मी काहीही घेतलं की तिला फोन करून किंमत सांगायचो. ती म्हणायची, "दोनशे जास्त दिलेस, गाढवा." चाळीस वर्षांत एकदाही तिने शाबासकी दिली नाही.

दिवाळीनंतर ती पिवळी पडली. डॉक्टरांनी मला आणि तिच्या नवऱ्याला, रमणीकलालना, बाहेर बोलावून सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. तीन महिने, फार तर चार. तिच्या मुलीचं, हेतलचं, लग्न वैशाखात ठरलेलं. आम्ही तिला आणि हेतलला कावीळ सांगितली, जोशीबुवांना हाताशी धरून मुहूर्त माघात काढला आणि दोघांनीही ठरवलं, की लग्न होईपर्यंत तिला सुगावा लागू द्यायचा नाही. तिने हा एक सोहळा मोकळ्या मनाने बघावा, एवढंच मला हवं होतं. देवाकडे त्यापलीकडे मी काही मागितलं नव्हतं.

मामेरं, म्हणजे भाचीच्या लग्नात मामाने न्यायचा आहेर, माझं, तेव्हा खरेदी माझी. तरी ती आलीच.

"तुझ्यावर सोडलं तर तू बढाया मारत बसशील आणि दुकानदार तुझा खिसा कापेल."

ब्लाउज खांद्यावरून उतरत होता, चार पावलं चालली की कुणाच्या तरी ओटल्यावर टेकत होती. पण जीभ होती तशीच. माणेकचौकात तिने पाण्याचं पितळी बेडं हातात घेऊन हलवून पाहिलं.

"एवढं हलकं? भोक पडलंय का कुठे?"

"बेन, नवीन माल आहे."

"तेच तर. जुना असता तर पितळ तरी असतं त्याच्यात."

दुकानदार हसला आणि साठ रुपये उतरला. मीही हसलो, आणि लगेच मला रडू यायला लागलं म्हणून उगाच एक तपेली उलटीसुलटी करून बघत राहिलो.

शेवटी रतनपोळ. नवनीतभाईंचं दुकान, मामा आम्हाला घेऊन आले होते तेच. तेव्हा गादीवर त्यांचे वडील होते. हेतलच्या पाच साड्या झाल्या, प्रत्येकीवर आमचं आणि नवनीतभाईंचं रीतसर भांडण झालं. मग राहिली बहिणीची चुंदडी, मामेऱ्यात भावाने बहिणीला पांघरायची. मोटीबेनने स्वस्तातली एक बाजूला काढली.

"ही बरी आहे. एकदाच तर पांघरायचीय."

ती सहज बोलली, पण मी ती चुंदडी परत ढिगात सरकवली. तेवढ्यात नवनीतभाईंनी दुसरी उलगडली. गडद लाल, बारीक बांधणीची, जरीचे चौकडे. मोटीबेनने त्यावरून हात फिरवला आणि काढून घेतला. त्या लालावर तिचा हात हळदीत बुडवल्यासारखा दिसला.

"अठ्ठावीसशे," नवनीतभाई म्हणाले आणि सवयीने मांडी सावरून बसले. आता मी "लूट लावलीय का" म्हणणार, उठून जोड्यात पाय घालणार, ते परत बोलावणार, हे तीस वर्षांचं ठरलेलं होतं.

"बांधा," मी म्हणालो आणि अठ्ठावीसशे काढून ठेवले.

तिला ती आवडली होती आणि मला ती द्यायची होती. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, आईशपथ.

नवनीतभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मोटीबेनच्या तोंडाकडे, मग खाली. चुंदडीची घडी घालून त्यांनी मुकाट्याने कागदात गुंडाळली. आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा ते काही बोलले नाहीत. "आवजो"सुद्धा नाही.

मोटीबेन समोरच्या ओटल्यावर बसली. पुडकं मांडीवर ठेवलं.

"किती दिवस सांगितलेत?"

"कसले? काहीतरीच काय, कावीळ—"

"बिपिन. तू भाव केला नाहीस."

आयुष्यभर दुकानदारांच्या तोंडावर खोटं बोललो, पण तिच्यापुढे ते टिकलं नाही. मी त्या ओटल्यावर लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. येणारेजाणारे बघत होते. तिने रडू दिलं, मग कोपराने ढोसलं.

"पुरे. हेतलला माहीत आहे?"

"नाही. फक्त मला आणि रमणीकलालना."

"मग मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस. बिचारे रोज माझ्यासमोर हसून दाखवतात, त्यांना हसू दे. लग्न होऊ दे." पुडकं माझ्या हातात दिलं. "आता परत जा आणि भाव करून ये. मामेऱ्यात मी असली चुंदडी पांघरणार नाही."

मी परत गेलो. गादीसमोर उभा राहिलो आणि कसाबसा म्हणालो, "अठ्ठावीसशे म्हणजे लूट लावलीय का?"

नवनीतभाईंना काय समजायचं ते समजलं. त्यांनी बाहेर ओटल्याकडे पाहिलं आणि तिला ऐकू जाईल असा आवाज चढवला. "लूट? अहो, ही गावठी बांधणी वाटली काय? नसेल परवडत तर नायलॉन दाखवतो!" आम्ही दहा मिनिटं भांडलो. त्यांनी चारशे परत केले, गल्ला आपटला आणि स्वतः पायऱ्या उतरून हात जोडून म्हणाले, "आवजो, बेन. आवजो."

"हा लुटारू आहे," मोटीबेन त्यांच्या तोंडावर म्हणाली, आणि मग मला, "पुढची घ्यायलाही तूच येशील. तेव्हाही भाव कर. नाहीतर चितेवरून उठून येईन."

लग्नात मोटीबेन ती चुंदडी पांघरून बसून होती. सगळे म्हणाले, काविळीतून किती छान उठली. रमणीकलालही हसले आणि तीही हसली. त्या दोघांमध्ये उभं राहणं मला जमेना, म्हणून मी आचाऱ्यांवर ओरडत फिरलो.

चैत्रात ती गेली. नडियादहून पहाटे फोन आला, दुकानं उघडली तसा मी रतनपोळीत गेलो. नवनीतभाईंनी एक लाल चुंदडी पुढे ठेवली.

"बावीसशे."

"सोळाशे," मी म्हणालो.

दोन्ही नोकर वळून बघायला लागले. साडी बघायला बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "काय कसाई माणूस आहे."

"बिपिनभाई, याच्यात..." नवनीतभाई म्हणाले आणि थांबले.

"तिने सांगितलंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन हजार."

"सतराशे. एक पैसा जास्त नाही."

"घ्या," ते म्हणाले. त्यांनी ती कागदात गुंडाळून दिली. ते आवजो म्हणाले नाहीत, मीही थांबलो नाही.

नडियादची गाडी गाठायची होती. तरी समोरच्या ओटल्यावर मी क्षणभर टेकलो. सतराशेला पडली, हे सांगायला आता कुणी नव्हतं.