भिंतीपलीकडचे ढेकूण

खाट उभी करून यमुताईंनी तिचा पाय अंगणातल्या फरशीवर दाणकन आपटला. सांध्यातून सहा-सात ढेकूण खाली पडले, तापलेल्या फरशीवर जरासे धावले आणि जागीच थंड झाले. वैशाखातलं नागपूरचं ऊन. त्यात माणूस टिकत नाही, तिथे ढेकणांची काय कथा? पण आज सात मेले तरी उद्या तेवढेच पुन्हा निघणार, हे यमुताईंना आता पाठ झालं होतं.

महाल भागात बाबारावांच्या घरातल्या कोपऱ्यातल्या खोलीत त्या सोळा वर्षं भाड्याने राहत होत्या. त्यांतली शेवटची नऊ एकट्याने. नवरा गिरिधर हृदयविकाराने गेला, मूलबाळ नव्हतं. प्रसूतिगृहातली नर्सची नोकरी आणि ही खोली, एवढाच त्यांचा संसार. त्यांच्या स्वच्छतेचा घरातल्या इतर बिऱ्हाडांना धाकच होता. यमुताईंच्या मोरीत बसून जेवावं, असं बाबाराव थट्टेने म्हणत.

आणि त्याच यमुताईंच्या अंगावर मागच्या सोमवारी वॉर्डात ढेकूण निघाला होता. तासाभरापूर्वी जन्मलेलं पोर त्यांच्या हातांत होतं. पोराच्या आजीने त्यांच्या पांढऱ्या बाहीकडे बोट दाखवलं आणि पोर काढून घेतलं. मेट्रनने बाजूला बोलावून सांगितलं, की घर स्वच्छ होईपर्यंत कामावर येऊ नका. सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांना असं घरी पाठवलं नव्हतं. रस्ताभर त्यांच्या कानांत काही शिरलंच नाही. सायकलरिक्षावाल्याने तीनदा विचारलं, तेव्हा कुठे त्यांना पत्ता सांगता आला.

त्या दिवसापासून त्यांनी घराशी युद्ध मांडलं. दवाखान्यातून टाकून दिलेल्या पिचकारीने खाटेच्या सांध्यासांध्यात रॉकेल सोडलं. उकळतं पाणी ओतलं, गादी जाळली, भिंतींना मोरचूद घातलेला चुना दिला. डीडीटीची पावडर टाकली, तर ढेकूण तिच्यातूनच पांढरे होऊन फिरायला लागले. एवढं करूनही जे जात नाही, ते बाहेरूनच येत असणार. आणि बाहेर म्हणजे भिंतीपलीकडे मारोतरावांचं बिऱ्हाड.

मारोतराव काटोलकडचा. संत्रा मार्केटात पेट्या ठोकायचं काम करी. मोडक्या पेट्यांच्या फळ्या आणून त्याने खाट, मांडणी, देवाचा पाट, सगळं घरीच केलं होतं. फळ्याफळ्यांत बोटबोट फटी. बायको जयवंता नवव्या महिन्यात होती. पहिलटकरीण म्हणून घाबरायची, तेव्हा यमुताईंनीच तिच्या पाठीवरून हात फिरवून सांगितलं होतं, भिऊ नको, तुझं बाळंतपण मी करीन.

पण वॉर्डातल्या त्या आजीचं बोट यमुताईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्यांनी बाबारावांना चार बिऱ्हाडांसमोर स्वच्छ सांगितलं, एक तर ते राहतील, नाहीतर मी. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. बाबारावांनी मारोतरावाला आठ दिवसांत खोली सोडायला सांगितली. तो खाली मान घालून ऐकत होता. एकदाच त्याने यमुताईंच्या दाराकडे पाहिलं आणि बरं म्हणून आत गेला.

शहराबाहेर बेसा गावात त्याचा मावसभाऊ होता. फळ्या उकलून बैलगाडीत रचल्या आणि वर गोधडी टाकून जयवंताला बसवलं. गाडी हलताना ती यमुताईंना एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही म्हटलं होतं."

यमुताईंनी दवाखान्यात ये म्हणून सांगितलं. बेस्याहून, त्या उन्हात, कळा सुरू झाल्यावर कशी येणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी सांगितलं.

पलीकडची खोली बाबारावांनी धुऊन घेतली, तिलाही चुना दिला. गाडी गेल्यापासून दहाव्या दिवशी सकाळी यमुताईंच्या दंडावर पुन्हा तीन गांधी उठल्या होत्या, एका ओळीत.

 त्यांनी खोलीत नजर फिरवली. जाळायचं ते जाळलं होतं, उकळायचं ते उकळलं होतं. चुना देतानासुद्धा हात न लावलेली एकच वस्तू उरली होती. गिरिधरची तसबीर. तिची काच त्या रोज पुसत, रोज नवा हार घालत. पण नऊ वर्षांत ती खिळ्यावरून उतरवली म्हणून कधी नव्हती.

त्यांनी ती उतरवली आणि पालथी केली.

मागचा पुठ्ठा काळा पडला होता. क्षणभराने तो काळा रंग हलायला लागला. चौकटीच्या कडेने खसखशीसारखी अंडी चिकटली होती, वाळक्या सालींचा थर साचला होता, आणि रक्त पिऊन टम्म झालेले ढेकूण उजेडापासून पळत चहूकडे पांगत होते. एक काचेच्या आत शिरून गिरिधरच्या कोटाच्या खिशाजवळ बसला होता.

 तसबीर हातात धरून यमुताई तशाच उभ्या राहिल्या, ढेकूण मनगटावर चढले तेव्हाच हलल्या. अंगणात येऊन चौकट आणि पुठ्ठा त्यांनी बंबात घातला. फोटो तेवढा ओल्या फडक्याने पुसून उन्हात ठेवला. हे सगळं करताना त्यांना नवऱ्याचा चेहरा आठवत नव्हता. गाडीवरची जयवंता दिसत होती.

रविवारी सकाळी अजनीपर्यंत बसने आणि पुढे पायी चालत त्या बेस्याला पोचल्या. गावाच्या कडेला टिनाच्या छपराखाली मारोतराव फळ्या ठोकत होता. शेजारी कडुलिंबाच्या सावलीत जयवंता पोर घेऊन बसली होती. आठ दिवसांची मुलगी. इथे आल्यावर तिसऱ्याच दिवशी कळा लागल्या होत्या, आणि दोन दिवस अडून गावातल्या सुईणीच्या हातून सुटका झाली होती, हे मावसभावाच्या बायकोने सांगितलं.

यमुताई बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "मारोतराव, ढेकूण माझ्याकडेच होते. यांच्या तसबिरीमागे. तुमच्यावर मी खोटा आळ घेतला."

मारोतरावाने हातोडी खाली ठेवली. "मले मालूम होतं, ताई."

यमुताईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

"होळीच्या टायमाले तुम्ही बल्ब बदलाले बोलावलं होतं. स्टुलावर चढलो, त तसबिरीले धक्का लागला. मांगं पाह्यलं, त पुरे भरून होते."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?" यमुताईंनी विचारलं.

"काय बोलू? तुम्ही त्याले रोज हार घालता. चार बिऱ्हाडं उभी, बाबाराव उभे. तिथं मी म्हणू का, ताईच्या मालकाच्या फोटोत ढेकणं हाये?" तो फळीवरचा भुसा झटकत राहिला. "आन् आमच्या फळ्यांत नव्हते असं बी नाही. कोणाचे कोणाकडे गेले, कोण सांगन?"

 जयवंता नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"तुमाले मालूम होतं? आन् मी नवव्या महिन्यात गाडीवर बसून आली?"

मारोतरावाचा फळीवरचा हात थांबला.

"ताईले नसतं सांगितलं त चालत होतं. मले त सांगाचं होतं."

 पोर कुरकुरलं आणि त्याच्यावरचं फडकं सरकलं. यमुताईंची नजर बेंबीवर गेली. सुईणीने राख दाबली होती आणि भोवतालची कातडी लाल होऊन सुजली होती. माफी मागायला म्हणून जी चार वाक्यं त्यांनी वाटेत जुळवली होती, ती राहून गेली.

"तिची बेंबी चिघळली आहे," त्या म्हणाल्या. "मला पाहू देशील?"

जयवंताने पोर छातीशी ओढून घेतलं.  मग तिने मुलीला मारोतरावाच्या हातांत दिलं, हाताचा टेकू देऊन सावकाश उठली आणि रांजणातून तांब्या भरून आणला.

यमुताईंनी पिशवीतून साबणाची वडी काढली आणि कोपरापर्यंत हात चोळायला सुरुवात केली. जयवंता पाणी ओतत होती. त्यांच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही. तांब्या रिकामा झाला, तरी यमुताई हात चोळतच होत्या. जयवंता पुन्हा रांजणाकडे गेली आणि दुसरा तांब्या भरून घेऊन आली.