तुळईवरचे बिल्ले

इंग्लंडातल्या थॉर्नबी गावचा पब विकला गेला तेव्हा मालकीण विनीबाईंनी सगळ्यांत आधी डेसमंडला बोलावणं धाडलं. डेसमंड निवृत्त पोस्टमन. दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी पलटणींचे टोपीवरचे बिल्ले जमवायचा त्याला भारी नाद, आणि या पबच्या तुळईवर खिळ्यांना अडकवलेल्या बिल्ल्यांवर त्याचा कधीपासूनचा डोळा होता.

"घेऊन जा बाबा एकदाचे," विनीबाई म्हणाल्या. "नवा मालक छत उचकटणार आहे. भंगारात जाण्यापेक्षा तुझ्याकडे बरे."

चव्वेचाळीस साली हॉलंडच्या लढाईला उडायच्या आधी पलटणीतल्या पोरांनी ते तिथे अडकवले होते. पलटणीला नवा बिल्ला मिळाला होता, त्यामुळे हे जुने, गरुडाचे, खिशात नुसते पडून होते. "परत आलो की काढून नेऊ," म्हणाले होते. जे आले त्यांनी आपापला नेला. उरलेल्यांना विनीबाईंनी कधी हात लावला नव्हता.

डेसमंड शिडीवर चढला. धुरानं काळे पडलेले बिल्ले एकेक करून फडक्यात ठेवू लागला. शेवटच्या खिळ्यापाशी तो थबकला. "अरे, इथे तर एकावर एक दोन आहेत!"

"तेवढ्याला हात लावू नकोस."

कोपऱ्यातून पर्सी बोलला होता. दहा वर्षांपूर्वी तो लेकीकडे राहायला गावात आला, आणि तेव्हापासून रोज त्याच खुर्चीत गप्प बसून बिअर प्यायचा.

"का रे?"

"खालचा माझा आहे."

काउंटर पुसणारा विनीबाईंचा हात थांबला. "तुझा? मेल्या, दहा वर्षं त्याच्याखाली बसतोयस आणि आज सांगतोस?"

"खिळे संपले होते," पर्सी म्हणाला. "माझ्या दोस्तानं, आल्फनं, आपला माझ्यावरच अडकवला. आता त्याचा काढल्याशिवाय माझा निघत नाही. आणि त्याचा काढणारा मी कोण?"

वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ते डेसमंडच्या हाताशी होतं. त्यानं पक्कड मागितली, खिळा मुळासकट उपसला आणि दोन्ही बिल्ले खिळ्यावरच राहू देत, खाली उतरून पर्सीच्या तळहातावर ठेवले.

पर्सीनं वरच्या बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. मग खुदकन हसला. "आल्फ फार भिकार गायचा. विमानातसुद्धा गात होता. सार्जंट म्हणाला, याला आधी ढकला रे, कान तरी वाचतील."

"तो लाल केसांचा?" विनीबाई ओरडल्या. "नाचताना माझी पावलं तुडवायचा तो?"

"तोच."

विनीबाई हसता हसता रडल्या आणि डोळे पुसायला हातातलं ओलं फडकंच लावून बसल्या.

ते दोन्ही बिल्ले पर्सी घेऊन गेला. डेसमंडनं बाकीचे घरी नेऊन मखमलीच्या पाटावर लावले. कोणता साचा, कोणती घडण, त्याला सगळं पाठ होतं. पण या खेपेला त्यांच्याकडे बघताना त्याचं मन भरेना. ती पोरं कशी होती, हे त्यानं आजवर कोणाला विचारलंच नव्हतं.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. पर्सी उभा होता, हातात लेकीनं दिलेला केक. आत येऊन त्यानं चष्मा चढवला आणि पाटावर वाकला.

"कुठला कोणाचा ते काही सांगता येणार नाही," तो म्हणाला. "पण माणसं सांगतो एकेक. आधी चहा ठेव."