ओळखीतला माणूस

तळमजल्यावर, लिफ्टच्या समोरच्या भिंतीवर तिचा फोटो होता, चांगला माणसाएवढा. काळा कोट, हातात फाईल आणि चेहऱ्यावर असं हसू, की न्याय म्हणजे जणू हिच्या माहेरचाच. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘इथे प्रत्येकासाठी जागा आहे.’ फोटो काढला तेव्हा ती नवीन होती. आता कानाजवळ केस पांढरे व्हायला लागले होते, पण भिंतीवरची बाई तशीच टवटवीत. ऑफिसात तिला मागून पोस्टरबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. म्हणेनात का, अंगाला काय भोकं पडतात?

फर्म मोठी होती. बँका, विमा कंपन्या, जहाजवाले असली बडी गिऱ्हाइकं. एका कंपनीनं दुसरी गिळायची म्हटली की आधी कागद या फर्मकडे यायचे. पोस्टरबाई ते करार लिहायची आणि चांगले लिहायची. पण पगार? तिच्या पहिल्या मुलाखतीत म्हाताऱ्या साहेबांनी विचारलं होतं, “अपेक्षा काय?” ती म्हणाली होती, “तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.” त्यांनी त्यांना योग्य वाटलं ते दिलं. पुढची प्रत्येक वाढ त्या पहिल्या आकड्यावरच बसत गेली. शेजारच्या टेबलावरचा वकील तिच्या किती तरी मागून आला. करार कसा लिहायचा हे त्याला तिनंच शिकवलं. एकदा प्रिंटरपाशी तो कुरकुरला, “एवढ्यात भागतं का हो?” आणि बोलता बोलता आकडा बोलून गेला. ती म्हणाली, “हो ना, फारच कमी देतात.” मग बाथरूममध्ये जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं.

भांडली का नाही, असं कोणीही विचारेल. भांडायला मान ताठ लागते, आणि हिची मान पहिल्या दिवसापासून वाकलेली. कारण घरचं.

तिचा दादा इस्त्री करायचा. घराखालीच एका शटरचं दुकान, आत लांब टेबल आणि पुढे उचलायची फळी. गिऱ्हाईक फळीच्या बाहेर, घरचं माणूस फळी उचलून आत. वडील गेले तेव्हा दादानं शाळा सोडली आणि त्या टेबलाशी उभा राहिला, तो अजून उभाच होता. त्याच्या जिवावर ही शिकली. नोकरीच्या वेळी घरच्यांची माहिती विचारली, तेव्हा तिनं सांगितलं, “भाऊ वस्त्रोद्योगात आहे.” खोटं कुठं होतं? कपड्यांशीच तर संबंध. दर शनिवारी ती कोट आणि साड्यांची पिशवी घेऊन दुकानात जायची आणि फळी उचलून आत बसायची. दादा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, “ही माझी बहीण. मोठी वकील आहे.” ती ओशाळून म्हणायची, “पुरे रे, दादा.”

दादाची मुलगीही वकील झाली. लहानपणी एकदा आत्याबरोबर ऑफिसच्या दारापर्यंत गेली होती, तेव्हापासून तिच्या डोळ्यांत ते पोस्टर बसलं होतं. जायचं तर तिथंच. आत्यानं तिला शिकवायला घेतलं. कायद्याचं शिकवायची गरजच नव्हती, पोरगी आत्याच्या दोन पावलं पुढे होती. बाकीचं शिकवलं.

“दुकानाचं नाव काढायचं नाही. वडील काय करतात विचारलं तर बिझनेस म्हणायचं. आणि मी तुझी आत्या आहे, हे कोणालाही कळता कामा नये. नातं कळलं तर मला मुलाखतीच्या खोलीत बसू देणार नाहीत.”

“पण आत्या, पोस्टरवर तर लिहिलंय, प्रत्येकासाठी जागा आहे.”

“ते पोस्टरवर गं, बाळा. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

आता इथंच ती चुकली. वर्तमानपत्रांत बोंब झाली होती, की असल्या फर्ममध्ये ठरावीक घरांतली, ठरावीक शाळांतलीच पोरं घेतात. लगेच फर्मनं विविधता समिती काढली. समितीत पोस्टरबाई असणारच. ठरलं असं, की अर्जावरचं नाव, कॉलेज, पत्ता झाकायचा आणि फक्त नंबर ठेवायचा. मुलाखतीत मात्र उमेदवाराला त्याचं आयुष्य विचारायचं, सोसून वर आलेल्यांना संधी द्यायची. तिनं हे सगळं कानांनी ऐकलं होतं, मान डोलावली होती, आणि एका अक्षरावर विश्वास ठेवला नव्हता. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे तिनं इथंच राहून पाहिलेलं. या वेळी दात खरे असतील, हे तिच्या मनातही आलं नाही.

भाचीला अठरा नंबर मिळाला. खोलीत तिघं होते: मोठे साहेब, भरती विभागाच्या बाई आणि ती. दादानं आपल्या हातानं इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून पोरगी आली. कायद्याची उत्तरं अशी दिली, की साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. मग भरतीच्या बाईंनी विचारलं, “इथवर यायला तुम्हाला काय काय सोसावं लागलं, ते सांगा ना.”

भाचीनं आत्याकडे पाहिलं, पापणी लवेल इतकाच वेळ. “विशेष काही नाही, मॅडम. वडिलांचा बिझनेस आहे. घरी सगळं व्यवस्थित होतं.”

भाची नमस्कार करून बाहेर गेली.

“हुशार आहे,” साहेब म्हणाले, “पण असल्या हुशार मुली आपल्याकडे ढिगानं येतात. खाऊनपिऊन सुखी घरातली. हिला कुठंही नोकरी मिळेल.” त्यांनी अठरावर काट मारायला पेन टेकवलं.

“थांबा,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. “तिचे वडील इस्त्री करतात. छोटं दुकान आहे.”

दोघांनी वळून पाहिलं. “तुम्हाला कसं माहीत?”

एकच वाक्य पुरे होतं. माझा भाऊ आहे तो. ते जिभेवर आलंसुद्धा. पण मग नातं का लपवलंत, असं विचारलं असतं. तुमचे भाऊ तर वस्त्रोद्योगात होते ना, असंही कोणीतरी म्हणालं असतं.

“माझ्या ओळखीतले आहेत,” ती म्हणाली.

सख्खा भाऊ. तिच्या फीसाठी ज्यानं स्वतःची शाळा सोडली, तो ओळखीतला.

साहेबांचा चेहरा खुलला. “अरे वा! मग हे सांगितलं का नाही तिनं? असंच तर माणूस हवंय आपल्याला!” भरतीच्या बाई म्हणाल्या, “पुन्हा बोलावू या. तुमच्या ओळखीतले आहेत ना, मग तुम्हीच कानावर घाला. म्हणावं, मोकळेपणानं बोल.”

संध्याकाळी ती दुकानात गेली. दादा कोणाचा तरी कुर्ता फिरवत होता. भाची टेबलाच्या कडेला बसली होती. आत्यानं सगळं सांगितलं. भाची ऐकत राहिली, मग म्हणाली, “आधी बाबांना लपवायचं, आता बाबांना मांडायचं. आत्या, एकदा काय ते ठरव तरी.”

दादाची इस्त्री थांबली. “लपवायचं म्हणजे?”

कुर्ता करपायला आला, तेव्हा त्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

“दादा, तिथं तसं चालत नाही रे. म्हणजे, चालत नव्हतं. मीच सांगितलं होतं तिला.”

“आणि तू? तू काय सांगितलंस तिथं, मी काय करतो म्हणून?”

“वस्त्रोद्योग.”

दादा हसला. अगदी खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “वस्त्रोद्योग! अगं, आधी सांगायचंस, तशी पाटी केली असती दुकानाला.” त्याचं हसणं पाहून तिचा जीव भांड्यात पडला. दादा असाच होता, त्याच्या मनात काही राहत नसे.

पण भाचीला वकिली येत होती. ती म्हणाली, “मग आज साहेबांना बाबांचं कसं कळलं?”

“मी सांगितलं.”

“कोण म्हणून सांगितलंस?”

तिला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर बोललीच होती. पण दादासमोर नाही बोलता आलं. “ओळखीतले आहेत, म्हटलं.”

या वेळी दादा हसला नाही. त्यानं कुर्त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग मुलीला म्हणाला, “जा तू. सगळं सांग. बाप इस्त्री करतो, चोरी नाही करत.” बहिणीकडे न बघता त्यानं पुढचा कपडा ओढला.

दुसऱ्या मुलाखतीत भाचीनं सगळं सांगितलं. रडली नाही, रंगवून सांगितलं नाही. बाबांच्या मनगटावरचे चटक्यांचे डाग सांगितले. दुकान बंद झालं की ऊन ऊन टेबलावर पुस्तक मांडून अभ्यास कसा करायची, ते सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

भरतीच्या बाईंनी मायेनं विचारलं, “मग वकिलीकडे कशा वळलात? घरात कोणी वकील?”

“नाही. घरात कोणीच नाही.”

“मार्गदर्शन करणारंही कोणी नव्हतं?”

भाची आत्याकडे पाहत नव्हती. “एक बाई होत्या,” ती म्हणाली. “बाबांच्या ओळखीतल्या.”

पोस्टरबाईनं मान खाली घातली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. आत कुठंतरी तुटलं ते आवाज न करता तुटलं. पोरीला नियम ठाऊक होता, तिनं आत्याची नोकरी सांभाळून घेतली, एवढाच याचा अर्थ, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण पटत नव्हतं.

“पगाराची अपेक्षा?” साहेबांनी विचारलं.

“बाकीच्यांना देता तेवढाच,” भाची म्हणाली. साहेब हसून म्हणाले, अगदी बरोबर आहे. इतकं सोपं होतं ते.

अठरा नंबरची निवड झाली. साहेब जाता जाता भरतीच्या बाईंना म्हणाले, तळमजल्यावरचा फोटो आता जुना झालाय, या मुलीचा नवीन काढून घ्या.

शनिवारी ती पिशवी घेऊन दुकानाशी गेली. फळीपर्यंत आली आणि हात पुढे होईना. आत जायचा हक्क तिनं स्वतःच त्या खोलीत सोडून दिला होता, हे कोणी सांगायची गरज नव्हती. ती गिऱ्हाइकांत उभी राहिली. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंचे कपडे व्हायचे होते. त्या हिच्याकडे निरखून बघत होत्या.

“यांना कुठंतरी पाहिलंय,” त्या दादाला म्हणाल्या. “कोण हो ह्या?”

दादानं मान वर केली. बहीण फळीच्या बाहेर उभी आहे, हे त्याला तेव्हा दिसलं. ती पिशवी छातीशी धरून वाट पाहत होती, त्यानं काहीही म्हटलं असतं तरी तिला चाललं असतं.

“बहीण आहे,” दादा म्हणाला. “सख्खी.”

मोठी वकील आहे, हे या वेळी तो म्हणाला नाही. त्यानं फळी उचलून धरली. ती तिथंच, रस्त्यावर, त्या अनोळखी बाईंच्या देखत रडत उभी राहिली, आणि तिचे पाय काही केल्या आत जाईनात.