दुसऱ्या अंकाचं पान

शनिवारी अण्णा चिंचवडच्या घरी दुसरा अंक खोडत बसले होते. आईनं पोहे दोनदा गरम केले, तिसऱ्यांदा त्यांच्यापुढचा कागदच उचलला. अण्णांनी हसून खाल्ले.

अण्णा, म्हणजे माझे वडील सोपानराव, चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामगार होते. कामगार नाट्यस्पर्धेत त्यांची रहस्यनाटकं गाजली, मग मालिका आल्या, दोन सिनेमेही. त्यांचे खून हलकेफुलके असत. दिवे जात, किंकाळी येई, दिवे आले की पलंगाखालून पाय दिसत आणि लोक हसत. रंगमंचावर त्यांनी रक्ताचा थेंब पडू दिला नाही.

तालमीत मात्र नटांना न सांगता प्रसंग बदलायची त्यांना खोड होती. "सांगितलं तर घाबरतील का लेकाचे?" म्हणायचे. एकदा मध्येच खरा पोस्टमन आत सोडला होता. वही धरून संवाद पुरवायचं काम माझं.

रविवारी सकाळी महाळुंग्याच्या देवळापुढे मंडपात तालीम होती. नाटकातला खुनी एकच प्लॉट दोघांना विकणारा. तो म्हणजे तूच, असं गावात प्लॉट विकणाऱ्या रणजीतला कुणीतरी पटवलं होतं.

रणजीत कोयता घेऊनच मंडपात आला. पहिला घाव अण्णांच्या खांद्यात रुतला. ओट्यावरची माणसं हसली. नायिकेचं काम करणाऱ्या सुमनताईंनी टाळी वाजवली. "अण्णा, आम्हाला आधी सांगत जा की."

अण्णांनी हात आडवा धरला. दुसऱ्या घावात तीन बोटं तुटून फरशीवर पडली. एकजण मोबाइलवर शूटिंग करत पुढे सरकला. अण्णा गुडघ्यांवर आले, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. तिसरा घाव मानेवर बसला. रक्त सुमनताईंच्या तोंडावर उडालं तेव्हा त्या किंचाळल्या. तोवर रणजीतनं आणखी दोन वार केले होते.

पोलिसांना मी सांगितलं, सगळं क्षणात झालं.

आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची: पोरगी जवळच होती, पण तिला काही करायला वेळच मिळाला नाही. बाराव्या दिवशी ती शेजारच्या मंजुळाबाईंना तेच सांगू लागली. माझ्या पाठीवर हात फिरवत होती.

मी तिचा हात धरला.

"वेळ होता, आई. त्यांनी मला 'तनू' म्हणून हाक मारली. मला वाटलं, प्रसंग बदललाय. मी वहीत ते पान शोधत होते."