गादीवरून विमान

कीर्तनाचा पूर्वरंग संपला. शालनताईंच्या कपाळी बुक्का लागला, आणि गळ्यात हार घालता घालताच देवस्थानचे अध्यक्ष सदूभाऊ त्यांच्या कानाशी लागले.

"ताई, आख्यान विमानाचं सांगा, नाहीतर रावणाचं सांगा, माझी ना नाही. पण ते मुसानं शिकवलं, असं गादीवरून बोलू नका. देवीच्या उत्सवात गुरू म्हणून त्याचं नाव? वरची वाडी उठून जाईल. मग पुढच्या वर्षी मला दुसरा कीर्तनकार बघावा लागेल."

आरे-वाऱ्याच्या रस्त्यावरच्या या देवळात अकरा वर्षं उत्सवाचं कीर्तन शालनताईंचंच. देवीसमोर उभं राहून गाण्याहून मोठं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. हार सारखा करून त्या गादीवर उभ्या राहिल्या.

मुसाभाय मंडपाच्या कडेला खुर्चीत बसले होते. तीस वर्षं बोटीवर इंजिन सांभाळलेला माणूस. जपानच्या बंदरांतून जुन्या विमानांची पुस्तकं आणलेली, आणि आता सागाच्या तुकड्यांतून तीच विमानं कोरायचा नाद. सगळं आख्यान शालनताईंनी त्यांच्या पडवीत बसून उतरवून घेतलं होतं.

निलेशनं तबल्यावर थाप दिली.

"मंडळी, शंभर वर्षांपूर्वी जपानी आरमाराला लढाऊ विमानं हवी होती. बोटीवरून उडणारी, बोटीवरच उतरणारी! बांधायची कशी, ठाऊक नाही. मग काय केलं? इंग्रजांच्या सॉपविथ कारखान्यात विमानं आखणारा स्मिथ, त्याला माणसांसकट नागोयाला बोलावलं. म्हणाले, शिकवा! विमान झालं. दुहेरी पंखांचं. रूप बघाल तर थेट विलायती! आता कुणी नाक मुरडतं, नक्कल म्हणतं. अहो, शिकणाऱ्याला कसली आलीय लाज?"

बायकांनी माना डोलावल्या. शालनताईंना रंग चढला.

"आणि होशो नावाच्या बोटीवर ते पहिल्यांदा उतरवलं कुणी? किरा नावाच्या जपानी वीरानं!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात कडेच्या खुर्चीतून आवाज आला, "नाय गो बाय! पयला उतरला तो जॉर्डन, इंग्रज! किरा त्याच्या मागनं!"

गादीवर उभ्या असलेल्या कीर्तनकाराला मध्येच टोकतात का कुणी? "ए, गप बस!" कुणीतरी खेकसलं. सदूभाऊंनी डोळ्यांनीच खुणावलं, पुढे चला.

जाता आलं असतं. कोण उतरला नि कोण बुडाला, मंडपात कुणाला ठाऊक होतं? पण समोर देवी होती. तिच्यापुढे चुकीचं गायचं, आणि ज्याच्या तोंडून शिकले त्यालाच गप्प बसवलेलं बघायचं?

गादीवर असताना कीर्तनकार सगळ्यांचे नमस्कार घेतो. तो स्वतः वाकतो ते फक्त देवापुढे आणि गुरूपुढे. शालनताईंनी चिपळ्या एका हातात धरल्या, खुर्चीकडे वळल्या आणि कमरेत वाकल्या.

"चुकले मुसाभाय. मंडळी, हे आख्यान यांनी शिकवलं. हे माझे गुरू."

वरच्या वाडीतली पाच-सहा माणसं उठून चपला शोधायला लागली. सदूभाऊ तरातरा पुढे आले. "ताई, मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं, भाऊ. पुढच्या वर्षी कुणाला उभं करायचं ते तुम्ही बघा. आज मी उभी आहे. आता बाजूला व्हा, मागच्या बायकांना दिसत नाही."

"सर की रे सदू! काचेचा हायस काय?" मागून एक म्हातारी ओरडली नि मंडपात खसखस पिकली. सदूभाऊ बसले नाहीत. खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभे राहिले.

मुसाभाय अवघडून अर्धे उठले होते. "बाय, माझ्यापायी..."

"बसा तुम्ही. अजून चुकले तर पुन्हा ओरडा."

"ताई, कुठून घेऊ?" निलेशनं हळूच विचारलं.

"जॉर्डनपासून."

शालनताईंनी पट्टी एक स्वर चढवली. बोटीनं वाऱ्याला तोंड दिलं आणि विमान खाली येऊ लागलं.