वाचलं, स्वेतोझार

यास्नाने खाऊन संपवलेल्या बुरेकचा तेलकट कागद चुरगळून टोपलीत भिरकावला आणि ओग्न्येनने पाठवलेला बदल संगणकावर पुन्हा उघडला. नऊशे ओळी! मुदत सोमवारी संपली होती. आज गुरुवार, आणि उद्या दुपारी ‘लिपा’ या संगणकाच्या भाषेची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. तीत काय घ्यायचं, काय नाही, हे यंदा यास्ना ठरवणार होती. तिचं स्वतःचं दोन वर्षांचं कामही तीतच होतं, आणि तिच्या आईने ते नोवी साद शहराच्या अर्ध्या बाजाराला सांगून ठेवलं होतं.

ओग्न्येनची ही तिसरी खेप. मुदत उलटली की उगवायचं, लाडीगोडी लावायची, मग त्याची घाण दुसऱ्यांनी निस्तरायची. मघाशी फोनवर तो ‘राणी, एवढंसं तर आहे’ म्हणाला, तेव्हाच तिला शिसारी आली होती.

पण नियम होता. लिहिणाऱ्याखेरीज कुणीतरी ओळ न् ओळ वाचून खाली ‘वाचलं’ लिहून नाव घातलं, की बदल विचारात घ्यावाच लागे. इथे नाव होतं स्वेतोझार सरांचं. तिला हे काम शिकवणाऱ्या सरांचं.

तिने वेळ पाहिली. बदल आला दहा वाजून चार मिनिटांनी. ‘वाचलं’ दहा वाजून सहा मिनिटांनी.

सर दोन गल्ल्या पलीकडे राहत. ती तडक तिथे गेली आणि कोटही न काढता तिने विचारलं.

“नाही वाचलं,” सर कॉफी ढवळत म्हणाले. “डोळ्यांपुढे नुसतं धुकं असतं गं. पोरं नाव मागतात, नाही म्हणवत नाही.”

“कधीपासून?”

“गेल्या उन्हाळ्यापासून.”

“माझं काम मी हिवाळ्यात पाठवलं, सर.”

“तुझं म्हटल्यावर त्यात वाचायचं काय?”

या माणसाची तिला किळस आली. लगेच आठवलं, तिच्या दोन हजार ओळींखाली सरांचं नाव तीन मिनिटांत आलं होतं. ते तिने तेव्हाच पाहिलं होतं, आणि सरांचा आपल्यावर केवढा विश्वास म्हणून ती दिवसभर मिरवली होती.

कचेरीत परतून तिने ओग्न्येनच्या बदलाला नकार दिला. कारण लिहिलं: ‘हे कुणीही वाचलेलं नाही.’ मग सरांचं नाव शोधलं. उन्हाळ्यानंतरचे आणखी पाच बदल निघाले. त्यातले चार तेच कारण लिहून काढून टाकायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत.

पाचव्यात तिच्याच त्या दोन हजार ओळी होत्या. मग तेच वाक्य तिने स्वतःच्या नावाखाली लिहिलं, आणि तेही काम उद्याच्या आवृत्तीतून काढलं.