दमलेला गुडघा

"घरच्यांच्या चालण्याकडे बघत बसू नकोस हं," माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या. "एकदा नजर बसली की जिन्यावर, बाजारात, कुठेच चैन पडत नाही."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "मॅडम, मला लहान मूल आहे. चैन तशीही पडत नाही."

माणूस धावतो, उडी मारतो तेव्हा कुठल्या सांध्यावर किती भार येतो, आणि तो सांधा दुखावण्याआधीच ते कसं ओळखायचं, हा माझा अभ्यास. आम्हाला ठणठणीत खेळाडूंच्या नोंदी हव्या होत्या, म्हणून मी नणंदेला प्रयोगशाळेत नेलं. ती कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात आहे. सतत उड्या मारते म्हणून घरात सगळे तिला टोळ म्हणतात. तिच्या कमरेवर, मांड्यांवर, गुडघ्यांभोवती चकचकीत गोळ्या चिकटवल्या आणि तिला ठोकळ्यावरून उड्या मारायला लावल्या. भोवतीचे कॅमेरे गोळ्या टिपत होते आणि पडद्यावर काड्यांची एक टोळ उडत होती. प्रत्येक उडीनंतर तिला खुर्चीत बसवायचं, पाणी द्यायचं, श्वास पूर्ण शांत होऊ द्यायचा. आमची पद्धतच तशी. दमलेला माणूस नोंद बिघडवतो.

गुडघे एक नंबर निघाले. टोळनं घरभर मिरवलं.

दोनच दिवसांनी ती सरावाहून घामाघूम होऊन आली. माझ्या मुलीला कडेवर घेतलं आणि जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या एका उडीत उतरली. पाय टेकला तसा तिचा डावा गुडघा आत, उजव्याकडे झुकला. बिजागरी ढिली झालेल्या दारासारखा.

"आत्या, पुन्हा!" मुलगी खिदळली.

"नाही! खाली ठेव तिला!" मी अशी ओरडले की सासूबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

"वहिनी, काय झालं? तूच म्हणालीस ना, गुडघे मस्त आहेत."

"तेव्हा तू दमली नव्हतीस."

"म्हणजे आता दमायचं पण नाही?"

"हिच्या शिक्षणापायी घरात चालायची चोरी झाली बाई," सासूबाई म्हणाल्या.

त्या रात्री डोळे मिटले की तो गुडघा दिसायचा, आणि कडेवरची माझी पोर. टोळच्या स्पर्धेची अंतिम फेरी रविवारी होती.

"तुझ्या जिवाला शांती मिळू दे," असं म्हणत दुसऱ्या दिवशी ती सरावावरून थेट प्रयोगशाळेत आली. या वेळी खुर्ची नाही, थांबणं नाही. पहिल्या काही उड्या सरळ गेल्या. मग पडद्यावरचा डावा गुडघा आत झुकू लागला, दर उडीला आणखी थोडा. मॅडमनी तिला थांबवलं. गोळी सरकली असेल म्हणून ती काढून नव्यानं चिकटवली. "आता एकच उडी. हळू."

पुन्हा तेच.

"हा माझा पाय आहे?" टोळनं विचारलं. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"वेगात असाच वळला तर गुडघ्याची हाडं धरून ठेवणारा आतला बंध तुटतो," मॅडम म्हणाल्या. "कमरेचे स्नायू तयार करायचे, उतरायचं कसं ते नव्यानं शिकायचं. तोवर उडी बंद."

तिनं तिथूनच प्रशिक्षकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दुखतंय का?" ते म्हणाले.

"नाही सर."

"मग?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल."

पलीकडून सुस्कारा आला. "बरं, बसू दे तिला. राखीव मुलगी आहे. तिला आजपासून दुप्पट सराव देतो, रविवारपर्यंत तयार करतो."

टोळ रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तिचा गुडघा वाचला म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण कानात एकच शब्द घुमत होता, दुप्पट.

"तिलाही इथे आणा ना सर," मी म्हटलं. फोन केव्हाच कट झाला होता. नंतर मी पुन्हा पुन्हा लावला. ते उचलत नाहीत.

ती मुलगी संघात नवीन, टोळकडेही तिचा नंबर नाही. ती कोणाची, मला माहीत नाही. तिला हे कोणी सांगितलंय का, तेही नाही. तुमच्या घरातली एखादी आज खेळून आली, तर ती जिना उतरताना जरा समोर उभ्या राहा. सकाळी ताजीतवानी असताना नको. दमून आली असताना. दुखत नाही म्हणाली, तरी तिच्या गुडघ्याकडे बघा.